लायडनची हॉर्टस बोटॅनिकस: ट्युलिप बघून झाल्यावर परत बाग बघावी का?

नौपाड्याची नमू

मंडळी, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नेदरलँड्सला चाललोय. मुलगा डेल्फ्टला शिकतो, मुक्काम त्याच्याकडेच. बरोबर सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात, उत्साह माझ्यापेक्षा जास्त) आणि नवरा (झाडं हिरवी असतात एवढं त्याला माहीत आहे).

क्युकेनहॉफची, म्हणजे ट्युलिपच्या त्या प्रसिद्ध मोठ्या बागेची, तिकिटं काढून झाली. आता मुलगा म्हणतोय की लायडनला विद्यापीठाची जुनी बोटॅनिकल गार्डन आहे, १५९० सालची, ती चुकवू नका. नवऱ्याचं म्हणणं, आदल्या दिवशी सत्तर लाख कंदांची फुलं बघायची आणि दुसऱ्या दिवशी परत बाग? त्यापेक्षा द हेगला समुद्रावर जाऊ. सासूबाईंचं मत अजून राखीव आहे.

तर सांगा:
अर्धा दिवस देण्यासारखं आहे का? चालणं किती? आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन नेमकं बघायचं काय? आपण बागेत जातो, हिरवळीवर बसतो, भेळ खातो आणि घरी येतो. तिथे हे चालणार नाही असं दिसतंय.

मिसळ डबल पाव

नेरूळकर काकांचा तास सुरू व्हायच्या आत पहिल्या बाकावर रुमाल टाकून ठेवतो.

डेल्फ्टवासी

ताई, मी मूळची कळव्याची, आता इथेच असते. व्यवहाराचं तेवढं सांगते.

डेल्फ्टहून लायडनला थेट गाड्या आहेत. तिकिटाच्या खिडकीच्या भानगडीत पडू नका, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना मशिनला लावायचं. बाहेर पडताना लावायला विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं जात नाहीत. स्टेशनपासून बाग पायी पंधरा-वीस मिनिटं, रस्ता सपाट. आजींचे गुडघे दुखत असतील तर बस घ्या. रापेनबुर्ख नावाचा कालवा आहे, त्याच्या काठी विद्यापीठाची मुख्य इमारत आणि तिच्या आवारातून बागेत जायचं. बाहेरून वाटतच नाही की मागे एवढं काही असेल.

बागेत बाकं भरपूर, आवारात कॅफे आहे, स्वच्छतागृहं चांगली. घरचे ठेपले बाकावर बसून खाल्ले तर कोणी हटकत नाही, कागद मात्र खिशात. एप्रिलमध्ये दिवसभरात ऊन, पाऊस, गारा सगळं होतं, तेव्हा आजींना मफलर आणि वर रेनकोट. पण काचघरात शिरताना ते सगळं काढावं लागेल, हे लक्षात ठेवून कपडे घाला.

आणि क्युकेनहॉफला जायची ८५४ नंबरची बस लायडन स्टेशनवरूनच सुटते. दोन्ही एका दिवसात उरकायचा मोह होईल. आजी बरोबर असताना तो टाळा.

नेरूळकर काका

नमूताई, तुमचा तिसरा प्रश्न खरा आहे, बाकीच्यांची उत्तरं वर आली.

ही बाग फिरायला केलेलीच नव्हती. ती वर्गखोली होती. लायडन विद्यापीठ १५७५ चं, आणि तिथल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून १५९० मध्ये विद्यापीठाच्या इमारतीमागे ही जागा घेतली. त्या काळी औषध म्हणजे बहुतेक झाडपालाच. वैद्याने लिहून द्यायचं आणि औषधविक्याने कुटून द्यायचं. विक्याने भलतीच मुळी कुटली तर वैद्याला ती ओळखता यायला हवी. आजही आपल्याकडे ब्राह्मी मागितली की एका दुकानात एक वनस्पती मिळते आणि दुसऱ्यात मंडूकपर्णी, तेव्हा हा प्रश्न जुना झालाय असं समजू नका. लायडनला पीटर पाव नावाचे प्राध्यापक होते, ते हिवाळ्यात शवविच्छेदन शिकवायचे आणि उन्हाळ्यात झाडं. थंडीत मृतदेह टिकतो, उन्हाळ्यात झाडाला फूल असतं. वेळापत्रक निसर्गानेच लावून दिलेलं.

अशा बागांची सुरुवात इटलीत झाली. पिसाची १५४०च्या दशकातली, पण ती पुढे जागा बदलत गेली. पादुआची १५४५ ची, ती अजून मूळ जागेवर आहे आणि १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लायडन त्यानंतरचं, पण नेदरलँड्समधलं सर्वात जुनं.

आता माणूस. कारोलुस क्लुसियस, जन्म १५२६. व्हिएन्नाला बादशहाच्या बागेवर काम केलेला, युरोपभर पत्रव्यवहार असलेला माणूस. लायडनने त्याला बोलावलं तेव्हा त्याचं वय साठीच्या पुढे आणि पाय अधू. तो १५९३ मध्ये पोचला. प्रत्यक्ष मातीत हात घालायला डेल्फ्टचा एक औषधविक्या नेमला होता, डिर्क क्लाउट. त्याने स्वतःच्या संग्रहातली झाडं आणली, वाफे आखले, आणि १५९४ पर्यंत हजारांहून जास्त प्रकार लावून झाले. नाव क्लुसियसचं झालं, जे रीतसरच आहे, पण वाफ्यापाशी उभे राहाल तेव्हा या क्लाउटचीही आठवण काढा.

क्लुसियसने आणलेले ट्युलिपचे कंद तिथे १५९४ मध्ये फुलले. तुम्ही आदल्या दिवशी क्युकेनहॉफला जे बघणार त्याची गोष्ट इथून सुरू होते, म्हणून यजमानांना सांगा की ही परत तीच बाग नव्हे.

आणि ठाणेकर म्हणून तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट तर वेगळीच आहे. जेवून येतो.

मिसळ डबल पाव

काका ऐन रंगात आले की यांना जेवण आठवतं.

सानपाडा एक्सप्रेस

ट्युलिपचे कंद क्लुसियसच्या बागेतून चोरीला गेले आणि त्यातून पुढे ट्युलिपचा सट्टा सुरू झाला असं वाचलंय. १६३७ च्या फेब्रुवारीत बाजार कोसळला तो. खरं का?

नेरूळकर काका

चोऱ्या व्हायच्या, त्याबद्दल क्लुसियस स्वतः वैतागलेला होता. पण चोरी १५९० च्या दशकातली आणि सट्टा चाळीस वर्षांनंतरचा. मधे अनेक हौशी बागवान, व्यापारी, लिलाव येतात. चोरांना एवढं श्रेय नको.

आता राहिलेली गोष्ट. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याला पोर्तुगीजांनी मुंबई बेट खंडाने दिलं होतं. होय, आपलं मुंबई. त्याने आपल्या इकडच्या औषधांवर आणि मसाल्यांवर एक पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सगळं संवादरूप. त्यात आंब्याचं प्रकरण आहे, आणि आंबे येतात ते त्याच्या मुंबईच्या बागेतून. तिथलं एक झाड वर्षाला दोनदा फळतं असं तो कौतुकाने सांगतो. घारापुरीच्या लेण्यांचंही वर्णन आहे.

पुढच्याच वर्षी क्लुसियस स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला निघाला. तिथे हे पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याने त्याचा लॅटिन सारांश काढला. गप्पा कापल्या, माहिती ठेवली. पोर्तुगीज फार थोड्यांना यायची, लॅटिन सगळ्या विद्वानांना. युरोपातल्या डॉक्टरांना आपली हळद, मिरी, आंबा, फणस यांची भरवशाची माहिती मिळाली ती मुख्यतः या लॅटिन पुस्तकातून. म्हणजे लायडनच्या बागेचा पाया घालणारा माणूस त्याआधी पंचवीस वर्षं आपल्या किनाऱ्यावरची झाडं कागदावर ओळखत होता.

ऑर्ताचा शेवट वाईट. तो १५६८ मध्ये वारला, आणि गुपचूप ज्यू धर्म पाळत होता म्हणून १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

घोडबंदर गायमुख

काका, याच चालीवर ऑक्सफर्डचं. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथली विद्यापीठाची बाग पाहिली. १६२१ ची, ब्रिटनमधली सर्वात जुनी. तिथल्या पहिल्या मुख्य माळ्याने, याकोब बोबार्टने, १६४५ मध्ये लावलेलं यूचं झाड अजून उभं आहे. पण मला तिथली गंमत आवडली ती वेगळी. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या बाजूचं एक पिवळ्या फुलांचं तणवजा झाड तिथे लावलं होतं. ते भिंतीवरून निसटलं. ऑक्सफर्डला रेल्वे आली तेव्हा त्याला रुळांखालची खडी सापडली, जी त्याला घरच्या ज्वालामुखीच्या राखेसारखीच वाटली असणार. आता ते ब्रिटनभर रुळांच्या कडेने आहे.

खाडीपलीकडे

सगळे फार भारावलेत म्हणून थोडं कडू बोलतो. ऐरोलीला राहतो, खाडीवर पक्षी बघतो, आणि ज्या झाडांनी आमचं वाटोळं केलं ती बरीचशी अशाच बागांच्या वाटेने आली. येऊरला पावसाळ्यात जा. घाणेरीशिवाय काय दिसतं? मूळची अमेरिकेतली. डचांनी सतराव्या शतकात युरोपात नेली, तिथल्या बागांमध्ये तिच्या रंगीत जाती झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेची म्हणून आली. उल्हास नदीतली जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून फुलासाठीच निघालेली.

आणि खुद्द लायडनचं पाप विचारा काकांना. जपानी नॉटवीड, हटता न हटणारं तण. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड जपानहून झाडं घेऊन आला, लायडनला त्याची रोपवाटिका होती, तिथून १८५० मध्ये हे झाड लंडनच्या क्यू गार्डनला गेलं. आज ब्रिटनमध्ये घराच्या आवारात ते निघालं तर घर विकताना लेखी सांगावं लागतं आणि कर्ज मिळायला त्रास होतो. तिथलं सगळं नॉटवीड एकाच मादी रोपाची पिलावळ आहे. बी न धरता, नुसत्या मुळांच्या तुकड्यांवर देश व्यापला.

शिवाय हा सगळा निरागस ज्ञानाचा कारभार नव्हता. क्लुसियसने डच ईस्ट इंडिया कंपनीला गळ घातली होती की जहाजावरच्या वैद्यांनी येताना फांद्या, बिया, चित्रं आणावीत. झाड ओळखायचं, मग ते कुठे लावलं तर पैसा होईल ते बघायचं. सिंकोना, ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन निघतं, त्याचं बी डचांनी १८६५ मध्ये विकत घेतलं, जावात मळे केले आणि जगाचं क्विनीन ताब्यात ठेवलं. ज्या बोलिव्हियन माणसाने ते बी गोळा केलं होतं त्याला पुढे तिकडच्या तुरुंगात मारहाण झाली आणि तो त्यातच मेला.

नेरूळकर काका

यातलं काहीही खोडून काढायचं नाही मला. एवढंच जोडतो की सीबोल्डची आणलेली काही मूळ झाडं त्या बागेत अजून जिवंत आहेत, जपानी झेल्कोवा आणि विस्टेरिया त्यांतलीच. त्याच्या स्मरणार्थ एक जपानी बागही आहे. नमूताई, ती बघाल तेव्हा खाडीपलीकडेंचा प्रतिसाद मनात ठेवून बघा.

आणि कंपनीच्याच कारभारातून आलेली एक गोष्ट, जिच्यात आपली माणसं नावानिशी आहेत. हेंड्रिक फान रीडे हा मलबारचा डच गव्हर्नर. त्याने कोचीनला बसून तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला, हॉर्टस मलबारिकस, बारा खंड, १६७८ ते १६९३, छपाई आम्स्टरडॅमची. ७४२ वनस्पती. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं एक प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, १६७५ सालचं, कोंकणीत आणि देवनागरीत. चित्रांवरही झाडांची नावं देवनागरीत कोरलेली आहेत. १६७८ मध्ये आम्स्टरडॅमला देवनागरी छापली जात होती, आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज राज्य करत होते. त्या पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या त्या लायडनचेच वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आर्नोल्ड सायन यांनी. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने आपल्याकडच्या झाडांना शास्त्रीय नावं देताना याच ग्रंथाचा आधार घेतला. तो १७३५ मध्ये लायडनला होता आणि त्याचं सृष्टीच्या वर्गीकरणाचं पहिलं पुस्तक त्याच वर्षी त्याच गावात छापलं गेलं, जेमतेम डझनभर पानांचं.

फान रीडेची कबर सुरतेला आहे. कोचीनहून सुरतेला जाताना जहाजावरच वारला, १६९१ मध्ये.

वाशीची मैना

वाचनखूण साठवली. काका, हे पुस्तकरूपात कधी?

नौपाड्याची नमू

बाप रे. मी विचारलं काय आणि मिळालं काय. सासूबाईंना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मत आता राखीव नाही. त्यांनी विचारलं, अप्पू भटांनी सांगितलेली झाडं बघायला मिळतील ना? समुद्राचा बेत बारगळला आहे. नवरा गप्प.

डेल्फ्टवासी

एक राहिलं. काचघरातलं मोठं कमळ, व्हिक्टोरिया, त्याची परातीएवढी पानं उन्हाळ्यात होतात. एप्रिलमध्ये गेलात तर रोप लहान असेल. आजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल. फूल रात्री उमलतं, पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. तेही जुलै-ऑगस्टच्या सुमाराचं काम.

नौपाड्याची नमू

जाऊन आलो! कालच परतलो, झोपेचा खेळखंडोबा आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

क्युकेनहॉफ अपेक्षेप्रमाणे. डोळे दिपतात, गर्दी दादरसारखी, फोटो शेकड्याने. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

लायडन दुसऱ्या दिवशी. पाऊस पडून गेला होता. क्लुसियसची बाग सुरुवातीलाच लागते आणि पहिली प्रतिक्रिया, एवढीशीच? साधारण ३५ बाय ४० मीटर, आमच्या सोसायटीचं पार्किंग याहून मोठं असेल. जुन्या आराखड्यावरून पुन्हा मांडलेली आहे. लांबट वाफे, मधे जेमतेम एक माणूस चालेल अशा वाटा आणि वाफ्यात झाडं एकमेकांपासून सुटी. गर्दी करून भरगच्च दिसावं असा प्रयत्नच नाही. काकांनी वर्गखोली म्हटलं होतं ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. प्रत्येक रोपाभोवती जागा आहे कारण चार मुलांनी भोवती उभं राहून ते बघायचं आहे.

ट्युलिप होते, पण ते क्युकेनहॉफचे नव्हेत. बुटके, टोकदार पाकळ्यांचे, रानटी दिसणारे. सासूबाई म्हणाल्या, हे खरं वाटतं, कालचं प्लास्टिकचं वाटत होतं. मला कालचंही आवडलं होतं, पण मी बोलले नाही.

काचघरात शिरलो आणि तिघांचेही चष्मे धुरकटले. दमट, गरम, ओल्या मातीचा वास. सासूबाईंनी मफलर काढला, स्वेटर काढला आणि म्हणाल्या, आलो एकदाचे ठाण्याला. मग त्यांचा ताबा सुरू झाला. मिरीचा वेल त्यांनी पाटी न वाचता लांबून ओळखला. हळद ओळखली. त्यांचं बालपण कुडाळजवळचं, परसात हे सगळं होतं. एक डच बाई आपल्या नातवाला मिरीची पाटी वाचून दाखवत होत्या. सासूबाईंनी मराठीत आणि हातवाऱ्यांनी त्यांना समजावलं की हिरवे घोस उन्हात वाळवले की काळे होतात. त्या बाईंना कितपत समजलं देव जाणे, पण त्यांनी नातवाला थांबवून ठेवलं होतं हे मी पाहिलं. बाहेर आल्यावर टिप्पणी, यांच्याकडे हळदीला काचेचा बंगला आणि गॅसवर ऊब. आपल्याकडे फुकटात उगवते तर किंमत नाही.

कीटकभक्षी घटपर्णींचं दालन मुलाला आवडलं. सुरया लटकवल्यासारखी पानं, आत पाणी, कडेवर घसरडी झालर. या गटाचा त्यांचा संग्रह फार मोठा आहे, आग्नेय आशियातल्या झाडांवर तिथे संशोधनच चालतं. व्हिक्टोरियाचं रोप लहान होतं, आम्ही तयारीत होतो.

जपानी बाग बघताना खाडीपलीकडे यांची आठवण काढली. नवऱ्याने विचारलं, ते घर विकू न देणारं झाड कुठलं? ते काही सापडलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

नवऱ्याला खरं सापडलं ते शेवटी. बागेच्या टोकाला विद्यापीठाची जुनी वेधशाळा आहे, १८६१ ची. ऊर्ट तिथे अनेक वर्षं संचालक होते, धूमकेतूंच्या ऊर्ट मेघातले तेच. आइन्स्टाइनचं लायडनला जाणं-येणं असायचं, १९२० पासून तो तिथे पाहुणा प्राध्यापक होता. हे कळल्यावर माणूस जो तिथे रमला तो निघेना. आम्ही दोघी बाकावर बसून ठेपले खाल्ले.

वाईट एकच वाटलं. १६०१ सालचं म्हणून सांगतात ते लॅबर्नमचं झाड बघितलं, पण फुलायला अजून अवकाश होता. मुलाने फोटो दाखवला, तर थेट आपला बहावा! पिवळे झुंबर लोंबतायत.

नेरूळकर काका

वा! दिसायला बहावा, दोघंही शेंगांच्याच कुळातले. पण बहाव्याचा मगज आपण पोट साफ व्हायला देतो आणि लॅबर्नम पूर्ण विषारी, बिया तर फारच. बघा, पुन्हा तिथेच आलो. झाड ओळखता येणं हा त्या बागेत जिवावरचा विषय होता.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. डच बाईंना मिळालेलं मिरीचं व्याख्यान हे रंग भटांच्याच परंपरेतलं.

सानपाडा एक्सप्रेस

मस्त वृत्तांत. आता आपल्याकडचं सांगा कोणीतरी. विद्यापीठाची अशी बाग महाराष्ट्रात आहे का, की सगळं लायडनलाच?

नेरूळकर काका

जुनी म्हणाल तर चारशे वर्षांची नाही. पण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली बोटॅनिकल गार्डन आवर्जून बघा. सह्याद्रीतल्या दुर्मीळ आणि इथेच सापडणाऱ्या वनस्पती जपायचं काम तिथे होतं. सेरोपेजिया, म्हणजे आपली कंदीलपुष्पं, कड्याकपारींवर मोजकीच उरलेली, ती तिथे वाढवली आणि पुन्हा डोंगरावर लावली जातात. क्लुसियस दूरदेशचं झाड घरी आणत होता, हे लोक घरचं झाड घरी परत नेतायत. मला विचाराल तर मी लायडनच्या आधी तिकडे पाठवीन.

खाडीपलीकडे

यावर पूर्ण सहमत, आणि हे मी लिहितोय याची नोंद घ्यावी. जवळचं हवं असेल तर ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र. तिवर कुठली आणि कांदळ कुठली हे पाट्या वाचत समोर बघता येतं, आणि त्याच खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा मिळालाय. ठाणे-ऐरोलीतली निम्मी जनता पुलावरून रोज जाते आणि खाली काय उभं आहे ते सांगू शकत नाही.

घोडबंदर गायमुख

राणीबाग विसरू नका. लोक पेंग्विन बघून परत येतात. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, उर्वशी आहे. उर्वशी फुलते तेव्हा खाली उभं राहावं, शेंदरी झुंबरं. मूळ म्यानमारची, फार कमी बागांमध्ये टिकते.

मिसळ डबल पाव

मग काढा की धागा-सहल. काका पुढे, आम्ही मागे, मधे नमूताईंच्या सासूबाई.

नौपाड्याची नमू

सासूबाई तयार आहेत, त्यांनी तारीख विचारली. गोरखचिंच त्यांना वसईच्या किल्ल्यातली माहीत आहे, ही पाहिलेली नाही.

वाशीची मैना

मी येणार. सहलीच्या आधी एक प्रश्न. नमूताई, कंद आणलेत का? ठाण्यात ट्युलिप होतील का हो?

नौपाड्याची नमू

नाही आणले. सासूबाईंनी एका दुकानात पिशवी उचलली होती, मुलाने परत ठेवायला लावली. परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर कंद, बिया, फांद्या काहीच भारतात आणता येत नाही म्हणे.

नेरूळकर काका

बरोबर सांगितलं मुलाने. खाडीपलीकडेंनी वर जे लिहिलंय त्यानंतर तर नियम पाळाच.

मैना, इकडच्या रोपवाटिकांमधून कंद मिळतात, ते घ्या. ट्युलिपला फूल धरायला १२ ते १६ आठवडे थंडी लागते, साधारण ५ ते ९ अंश. ती ठाण्या-वाशीत फक्त फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये नव्हे, खालच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत. आणि त्या कप्प्यात सफरचंदं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते. डिसेंबरअखेर कुंडीत लावा, सकाळचं कोवळं ऊन द्या. एकदा फुलतील. पुढच्या वर्षी तोच कंद इथे परत फुलेल ही आशा धरू नका.

वाशीची मैना

सोळा आठवडे भाजीचा कप्पा? सासरे कोथिंबीर कुठे ठेवू विचारतील.

डेल्फ्टवासी

सहलीला मी नाही, पण फोटो टाका. आणि राणीबाग बुधवारी बंद असते, तारीख ठरवताना बघा.

मिसळ डबल पाव

शनिवारी सकाळी, भायखळा स्टेशन, पूर्वेला. रविवारी नको, तिथे पेंग्विनची रांग रस्त्यावर येते. कोण कोण येतंय ते खाली लिहा, ठाण्याहून स्लो पकडणाऱ्यांनी तसं कळवा.